घरच्या खुणेचे दात

"हँसिए. और खुलकर!" डॉक्टर सलोनीनं आरसा पुढे धरला.

नीलकंठ कसनुसा हसला. झाशीजवळच्या बरुआसागरहून आलं घेऊन येताना स्कूटर घसरली आणि त्याचे पुढचे दोन्ही दात अर्धे तुटले. त्यांवर डॉक्टरनं आज नमुन्याचे तात्पुरते दात बसवले होते. सरळ, शुभ्र, आणि मधली लहानपणापासूनची फट पार बुजवलेली.

"घर पर सबको दिखाइए. आप लोग हाँ बोलेंगे, तभी पक्के बनाऊँगी."

लक्ष्मी गेटजवळच्या घरात पाऊल टाकताच त्याची बायको रजनी हरखली. "अहो, लग्नात का नाही असे दिसलात?" कारखान्यातल्या कारकुनाच्या वाट्याला असलं कौतुक कुठलं यायला! स्वारी खूश होऊन तशीच आईच्या खोलीत शिरली.

सिंधूताईंना आताशा रजनी सोडली तर माणसं ओळखू येत नसत. पण नीलकंठ हसला, फट दिसली, की म्हणायच्या, "आलास, नीलू?" उभा जन्म झाशीत गेला, तरी त्यांचा रिवाज पक्का होता. घरच्यांशी मराठी, परक्यांशी हिंदी.

तो हसला. त्यांनी पदर सावरला.

"बैठिए भैया. नीलू ड्यूटी पर गया है."

तो पुढे झाला. "आई, अगं मीच नीलू!"

त्या भिंतीशी सरकल्या. "रजनी, हा कोण माणूस शिरलाय गं घरात?"

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आत तो दारात हजर.

"मुझे मेरे दाँतों की वो दरार वापस चाहिए, डॉक्टर."

कारण ऐकल्यावर डॉक्टरनं वाद घातला नाही. जुने फोटो मागून घेतले आणि नमुना हलक्या हातानं घासायला घेतला.

"इतनी?"

"थोड़ी और." त्यानं आरसा आणखी जवळ धरला.

घरी येऊन तो आईसमोर उभा राहिला आणि जीव मुठीत धरून हसला. रजनी दारातच थबकली. सिंधूताई कितीतरी वेळ टक लावून बघत राहिल्या.

"भैया," त्या मायेनं म्हणाल्या, "आपके दाँत बिलकुल हमारे नीलू जैसे हैं."

रजनीला रडू आवरेना. "आता सरळच करून घ्या हो," ती पुटपुटली.

"नको. हेच राहू देत."

"चाय लेंगे आप?" आईनं विचारलं.

"जी, अम्मा," म्हणत तो पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. चहा संपेपर्यंत त्यानं ओठ मिटले नाहीत.