कॅरमखालचे पत्ते

स्ट्रायकर डावीकडे पळतो, अशी पहिली तक्रार महामायाने केली. मी तिला म्हटलं, "हरणारा आधी बोर्डाला दोष देतो, मग पावडरीला आणि शेवटी आजोबाला."

"मी हरून नाही राहिले आजोबा. पुढं हाय मी. तरी सांगते."

महामाया माझी नात, सहावीतली. तिचा भाऊ धम्मानंद तिसरीत. त्याला हरणं अजून जमत नाही. हरायला लागला की त्याला तहान लागते. शाळा सुटल्यावर दोघं माझ्या ताब्यात असतात. बेरीज पक्की व्हावी म्हणून मेंढीकोट, धीर यावा म्हणून सापशिडी, आणि कोन कळावा म्हणून कॅरम. मास्तरकी संपून बरीच वर्षं झाली, पण शिकवायची खोड गेलेली नाही.

तक्रार खरी की खोटी ते बघावं म्हणून मी धम्माकडून एक गोटी मागून घेतली आणि बोर्डाच्या मधोमध ठेवली. क्षणभर ती थांबली. मग निघाली, कुणी बोलावल्यासारखी, आणि पश्चिमेच्या भिंतीकडच्या भोकात पडली.

"आता बोर्ड अर्धा फिरवा," मी म्हटलं. "खोट बोर्डात असेल तर ती बोर्डाबरोबर फिरेल."

दोघांनी बोर्ड फिरवला. गोटी पुन्हा पश्चिमेकडेच गेली. मग आतल्या खोलीत नेऊन पाहिलं. तिथेही तेच.

"म्हणजे बोर्ड सरळ हाय," महामाया म्हणाली. "फरशी उतरती हाय."

"शाबास."

"आणि फरशी कशामुळं उतरली?"

"चल, तुझी पाळी," मी म्हटलं.

पश्चिमेच्या भिंतीपलीकडे खड्डा होता. लातुरात बाहेरगावची पोरं शिकायला येतात, म्हणून आमच्या गल्लीत घराघरावर मजले चढलेत. शेजारच्या प्लॉटवरही होस्टेल होणार होतं, त्याला तळघर हवं होतं. जेसीबीने आमच्या भिंतीला खेटून सरळ खाली खोदलं होतं. नंतर काम थांबलं. कुठली तरी पाइपलाइन फुटली असावी, कारण तळाशी पाणी दिसायला लागलं. आमच्याकडची माती काळी. उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते आणि लोण्यासारखी सरकते. गच्चीवरून पाहिलं की पाण्यात मातीचं एखादं ढेकूळ पडल्याचा आवाज यायचा. तेवढाच.

खेळ तर सरळ व्हायला हवा. जुन्या पत्त्यांच्या कॅटात बदामाची राणी नव्हती, म्हणून तो कॅट नुसताच पडून होता. धम्माने त्यातली इस्पिकची दुर्री काढून बोर्डाच्या उतरत्या बाजूला खाली सरकवली. गोटी थांबली. पोरं खूश झाली.

दोन-चार दिवसांनी गोटी पुन्हा निघाली. दुर्रीखाली तिर्री गेली. मग चौकी. धम्माला क्रम मोडलेला चालत नाही, इस्पिकच्या जोडीला किलवर घेऊ देईना. पत्ता गेला की तो ओरडून सांगायचा, "आज पंजी गेली." स्वयंपाकघरातून रूपाली, माझी सून, हसायची. पुढे हसेनाशी झाली. एका सकाळी तिने मला तव्यावरचं धिरडं दाखवलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जाळी.

"मामंजी, पीठ बरोबर हाय. मीच ओतायला चुकून राहिले का?"

"चुकत नाहीस तू," मी म्हटलं.

मुलाला, आनंदराजला, मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. तो तहसीलात नोकरीला आहे. हे घर त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. त्याने ताटावरून मान वर केली आणि फळीकडे बोट दाखवलं.

"गडवे वाजले का अण्णा?"

फळीवर पितळेचे तीन गडवे आहेत, पाणी प्यायचे छोटे तांबे. एकावर एक, उपडे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी औसा तालुक्यात शिक्षक होतो. त्यानंतर जिथे जिथे राहिलो तिथे फळीवर हे गडवे असेच रचून ठेवले. जमीन हलली की ते खाली पडतील, वाजतील, आणि झोपलेलं माणूस बाहेर पळेल. आनंदराज त्या गडव्यांखालीच लहानाचा मोठा झाला. घर बांधताना त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, हादरा. खांबात गज जास्त, वर काँक्रीटचा पट्टा, खाली पट्टा. कुणी पाहुणा आला की तो खांबावर थाप मारून दाखवायचा.

"हे घर भूकंपात हलणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही एका खड्ड्याचं काय घेऊन बसलात."

"हलणार नाही, हे मलाही माहीत आहे."

"मग?"

"पोरांना घेऊन थोडे दिवस हदगावला, आपल्या गावी जाऊ आपण."

"शाळा चालू हाय त्यांची. आणि ते लोक भिंत बांधणार हायत खड्ड्याला, मी बोललोय. कॅरमच्या बोर्डावरून घर सोडलं म्हणलं तर ऑफिसात हसतील मला."

रूपालीने पोरांची अंथरुणं उचलून पूर्वेच्या खोलीत टाकली.

छक्की गेली, सत्ती गेली. न्हाणीघराचा दरवाजा घासायला लागला. आनंदराजने त्यावर रंधा मारून घेतला. दश्शी गेल्यावर पुढचं दार अडकायला लागलं. खांद्याने रेटलं की उघडायचं. पोरांना त्याचा खेळ झाला. गुलाम गेला, राणी गेली. गडवे आपले जागच्या जागी, घासून लख्ख केलेले, गप्प.

रविवारी दुपारी राजाही सरकवून झाला. तरी गोटी थांबली नाही. धम्माने एक्का हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. गच्चीवर जाऊन आलो. खड्ड्यातलं पाणी वर चढलं होतं, आणि आमच्या भिंतीच्या पायाशी जी माती काल होती ती आज नव्हती.

मी खाली आलो. आनंदराज पलंगावर आडवा होता.

"ऊठ," मी म्हटलं. "एक डाव टाकू."

"आता?"

"भिऊन राहिलास का?"

तो हसत उठला. या बोर्डावर मीच त्याला शिकवलंय. शाळेत असताना तो राणी एका फटक्यात घ्यायचा. तो येऊन मांडी घालेपर्यंत मी महामायाला खूण केली, आणि तिने खालचे सगळे पत्ते ओढून काढले.

त्याने नेम धरला. स्ट्रायकर सरळ निघाला आणि राणीजवळ जाऊन वळला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा वळला.

"बोर्ड वाकलाय," तो म्हणाला.

"फिरवून बघा ना पप्पा," महामाया म्हणाली.

त्याने फिरवला. मारला. मग बोर्ड उचलून आतल्या खोलीत नेला. आम्ही दारातून बघत होतो. सोंगट्यांचा आवाज आला, पश्चिमेच्या कडेला जाऊन आपटल्याचा. तो बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

धम्माने पत्त्यांचा गठ्ठा पुढे केला. "हे सगळे खाली होते. दुर्री लागली होती आधी, एकटी."

आनंदराजने गठ्ठा दोन बोटांत दाबून धरला. मग मान वर करून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एका बोर्डाच्या रुंदीला इतकं, तर सगळ्या घराच्या लांबीला किती? हे त्रैराशिक मी त्याला चौथीत शिकवलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर सुटताना मला दिसलं. मग त्याची नजर फळीवर गेली.

"गडवे कसे वाजले नाहीत, अण्णा?"

"ते हादऱ्यासाठी ठेवलेत. हळूहळू झुकणाऱ्या घराला ते काय वाजणार."

भिंतीच्या पलीकडे पाण्यात काहीतरी पडलं. या वेळी ढेकूळ नव्हतं. आवाज मोठा होता आणि लांबला.

"रूपाली," तो हळू म्हणाला, "पोरांना घे. गॅस बंद कर."

तिने दोघांची मनगटं आधीच धरली होती. पुढचं दार उघडेना. आनंदराजने खांदा लावला, मग मीही लावला. चौकट कुरकुरली. त्याने मागे सरून जोर दिला तेव्हा दार इतकंच उघडलं की एकेकाने आडवं होऊन निघावं. आधी धम्मा, मग महामाया, मग रूपाली. आनंदराजने मला पुढे ढकललं.

"माझा स्ट्रायकर राहिला," धम्मा म्हणाला आणि हात सोडवायला लागला. आईने मनगट आणखी घट्ट धरलं.

समोर दालमिलच्या कंपाउंडची भिंत आहे, तिला पाठ लावून आम्ही उभे राहिलो. रविवार, मिल बंद. आनंदराज गल्लीतून जाणाऱ्या दुचाकीवाल्याला दोन्ही हात पसरून परत पाठवत होता. पत्ते त्याच्या मुठीत तसेच होते. घर आमच्यासमोर उभं होतं, रंग दिलेलं, खिडक्यांत पडदे. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

"आजोबा," महामाया म्हणाली, "आपण उगाच तर नाही ना आलो बाहेर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत गडवा वाजला. पितळेचा तो आवाज मी इतकी वर्षं मनात ऐकत आलो होतो, तसाच होता. फरशीवर पडून तो घरंगळत गेला, कुठल्या बाजूला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग दुसरा वाजला.

आनंदराज रस्त्याच्या मधून मागे सरत सरत आमच्यापाशी आला. धम्माने पाणी मागितलं. कुणीच हललं नाही. घराकडे बघत आम्ही तिसऱ्याची वाट पाहत होतो.