भाकर खाल्ली का?

भाकरी तव्यावर टाकली आणि मधोमध फाटली. पूर्णिमाने उलथन्याने तुकडे गोळा केले आणि मॉलमधून आणलेल्या पिठाच्या पाकिटाला मनसोक्त शिव्या घातल्या. जुनं पीठ, विरी गेलेली, चिकटपणा म्हणून नाही. थापणार तरी काय, कपाळ?

तिचे सासरे, कोंडीराम, आज दुपारच्या एसटीने परभणीला परत जाणार होते. सासूबाई गेल्यावर तेजसने वडिलांना वाघोलीच्या फ्लॅटवर आणलं, आणि महिन्याभरातच त्यांनी पिशवी भरली. का, ते पूर्णिमाला पक्कं ठाऊक होतं. ऑफिसला जाताना ती भात लावून जायची. संध्याकाळी बघावं तर निम्मा भात पातेल्यात तसाच. वर दारातच प्रश्न, "भाकर खाल्ली का?" पुण्यात नोकरी करणाऱ्या बाईला टोमणा ओळखू येत नाही होय! ती "नाही" म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. एवढा मायाळू माणूस आपल्या भातापायी घर सोडून चालला, याचं तिला फार वाईट वाटत होतं. जाण्याआधी एक तरी धड भाकरी त्यांच्या ताटात पडावी, म्हणून सकाळपासून ही खटपट.

कोंडीराम ओट्याशी आले.

"पोरी, भाकर खाल्ली का?"

आता मात्र तिचा बांध फुटला.

"नाही येत मला भाकरी, मामाजी! भंडाऱ्याची आहे मी. आमच्याकडे तळी आणि धान. जन्मापासून भातच खात आले. रोज रोज काय विचारता?"

म्हातारा दोन पावलं पुढे आला.

"आगं, जेवलीस का, आसं इचारतो मी. आमच्याकडं ज्वारीबिगर दुसरं हाय काय? भात खाल्ला तरी भाकरच म्हन्तेत."

"अहो, मी तर ऑफिसात रोज पोटभर जेवते!"

"मंग रोज नाही कामून म्हनायलीस?"

हसावं की रडावं, तिला कळेना.

"आणि तो भात? आवडत नाही म्हणूनच ठेवत होतात ना?"

कोंडीराम धोतराचा सोगा चाचपत राहिले.

"तू उपाशी येतीस म्हनून ठिवायचो. म्हनलं, माझ्यापायी लेकराला पुरंना. आपलं गावाकडं गेलेलं बरं."

पूर्णिमाने गॅस बंद केला. तांदळाचा डबा पुढे ओढून तिने भरभरून तांदूळ काढले.

"तेजस," तिने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "मामाजींची पिशवी रिकामी कर."