फोटो हसरा नको

पूर्णिमाने मथळ्यातला ‘दहशतवादी’ खोडून ‘संशयित’ घातलं, तोच संपादक श्रीधर सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे काय?”

“सर, अजून आरोपपत्रही नाही. खोलीत बंदी असलेल्या संघटनेची पत्रकं मिळाली, एवढंच पोलिस म्हणताहेत.”

“त्या मांजरी गावच्या पोराच्या वेळीही एवढंच म्हणत होते.”

गेल्या वर्षी मांजरीच्या त्या मुलाला पहिल्या पानावर तिनेच दहशतवादी करून टाकलं होतं, आणि सरांनी अख्ख्या डेस्कसमोर तिची पाठ थोपटली होती. चार महिन्यांनी तो पुराव्याअभावी सुटला. ती बातमी सातव्या पानावर, सहा ओळींत, निधनवार्तांच्या खाली. तीही तिनेच लावली. त्या रात्री पूर्णिमाबाई घरी जाऊन व्यवस्थित जेवल्या होत्या.

आजचा मुलगा मात्र तेजस होता, तिच्या सख्ख्या बहिणीचा, ललिताताईचा मुलगा. खडकीत तिच्याच कडेवर वाढलेला. आडनाव वेगळं, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. सांगावं, तर सर पान काढून डेस्कवरच्या आमोदला देणार, आणि आमोद ‘मास्टरमाइंड’शिवाय मथळाच लावत नाही. न सांगावं, तर ‘संशयित’ कशासाठी, याला उत्तर नाही. दुपारपासून ताईचे तीन फोन येऊन गेले होते. “तू आहेस ना गं तिथे,” एवढंच ती म्हणत होती, “म्हणून धीर आहे.”

सर वाट बघत उभेच होते.

“सर, तो माझा भाचा आहे.”

शेजारचे कीबोर्ड थांबले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

“वाईट झालं,” ते हळू आवाजात म्हणाले. “ठेवू आपण ‘संशयित’. तुझ्यासाठी.”

पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं सोपं होतं तर.

“घरचा फोटो असेल ना तुझ्याकडे? बाकीच्या पेपरांना तोंड झाकलेलाच मिळणार. फक्त हसरा नको. अशा बातमीत बरा दिसत नाही.”

नाही म्हटलं, तर दिलेला शब्द परत जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. तिने मोबाइल काढला. तेजस मेला सगळीकडे दात काढून हसत होता. तिच्या वाढदिवसाला, बुद्धपौर्णिमेला, पहिल्या नोकरीच्या दिवशी. अंगठा सरकत राहिला आणि एका फोटोपाशी थांबला. भाऊजी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता तो. वडिलांच्या तसबिरीशेजारी पांढऱ्या सदऱ्यात बसलेला तेजस, रडून रडून डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले, नजर थेट कॅमेऱ्यात.

सर वाकले.

“हा घे. डोळे बघ काय आहेत,” ते म्हणाले. “शेजारची तसबीर तेवढी कापून टाक.”