बोंबल्या पंप

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या शिवारात कुणाच्या विहिरीवरची मोटर रुसली, की सावळीराम मौल्यांना बोलावणं यायचं. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं : "मोटर हलली की मेली." म्हणून ते ती सिमेंटच्या ओट्यावर अशी आवळून बसवत, की एखादे वेळी विहीर हलेल, पण मोटर हलायची नाही. आता माणसाला एक गोष्ट चांगली येते म्हटल्यावर तो ती नको तिथंही करतोच. सावळीरामांचंही तेच झालं.

त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिची घरगाडी केली. आत पलंग, शेगडी, कपाट, आणि मागच्या कोपऱ्यात चक्क संडास-बाथरूम. शिवारातले लोक म्हणाले, मळ्यातले गुलाब विकता विकता म्हातारा शेफारला. हौस होतीच, खोटं कशाला बोला! पण मूळ कारण होत्या सगुणाबाई, त्यांच्या मंडळी.

मुलगी हर्षाली इंदूरला दिलेली. तिच्या लग्नानंतर सगुणाबाई एकदाच तिकडे गेल्या होत्या. हायवेवरच्या ढाब्यामागची ती बिनकडीची दारं आणि बाहेर दात कोरत उभे असलेले गडी बघून बाईंनी तिथून पार इंदूरपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. लेकीच्या घरी पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात सलाइनवर. बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत, हा प्रश्न आपल्याकडच्या पुरुषांना आयुष्यात पडत नाही. सावळीरामांनाही डॉक्टरीणबाईंनी खडसावलं तेव्हा पडला. तेव्हापासून सगुणाबाईंनी इंदूरचं नाव टाकलं. आता हर्षालीला दुसरी मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं, आणि आजीनं शिवलेली कुंची कपाटात घडी घालून तयार होती.

गाडीच्या पूजेला सावळीरामांनी अर्धं शिवार बोलावलं. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. मंडळी मांडवात चहा पीत बसली होती, तेवढ्यात सगुणाबाई हळूच गाडीत गेल्या. बाईंनी आतून कडी लावली, नळ सोडला, आणि टाकीतलं पाणी चढवणारा सीटखालचा पंप ओरडला. घर्रर्रर्र! पत्रा थरथरला, कपाटातली ताटं वाजायला लागली, मांडवातल्या माना एकदम वळल्या.

शेजारच्या झुंबरबाई पेढा चघळत म्हणाल्या, "सगुणा गेली वाटतं आत."

सगुणाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. पाहुणे गेल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "तुमची गाडी लय छान हाय. पण ढोल बडवत जायचं मला नाय जमायचं. तुम्ही एकटेच जा बारशाला. कुंची मी बांधून देते."

सावळीरामांनी ज्या कोपऱ्यासाठी गाडीचा सगळा घाट घातला, तोच नेमका बोंबलत होता.

"पंप सैल असंल," म्हणून त्यांनी पाना काढला. पंपाचे बोल्ट पिळले. आवाज वाढला. त्यांनी लांब बोल्ट आणून पंप फळीतून आरपार खालच्या लोखंडाला जखडला. आता पंपाबरोबर गाडीची जमीनही बोलायला लागली. पाइपसुद्धा भिंतीला क्लॅम्प मारून असा पक्का केला, की भिंतही त्यात सामील झाली. विहिरीचा ओटा टनभर सिमेंटचा असतो आणि गाडीची जमीन नुसती प्लायवूडची, पोकळ. ढोलाचं कातडंच ते. पण हे सावळीरामांना सांगणार कोण? मोटरीतलं त्यांना शिकवायची शिवारात कुणाची टाप नव्हती.

पुतण्या महेश अंबडच्या कारखान्यात क्वालिटी तपासायचा. तो आला, फोन पंपाजवळ धरला, बराच वेळ आकडे बघत बसला आणि म्हणाला, "नाना, आवाज जास्त आहे."

"ते मी बहिरा असतो तरी मला कळलं असतं," सावळीराम म्हणाले. महेशनं आणखी काही आकडे घेतले आणि चहा पिऊन तो गेला.

मग आले भिमाजी, सावळीरामांचे जुने दोस्त. गावातल्या प्रत्येक मिरवणुकीची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. त्यांनी पंप ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "आवाज कमी कशाला करायचा? दुसरा मोठा लावायचा! आपण काय आज करतोय का हे?"

आपल्या लोकांचा या उपायावर फार विश्वास. भिमाजींनी बाथरूमच्या दिव्याच्या बटणाला एक स्पीकर जोडून दिला. दिवा लागला की भजन सुरू. सगुणाबाईंनी कानावर हात ठेवले. "देवाचं नाव संडासात? जीभ झडंल माझी!" मग भजन काढून सनई घातली. आता बाई आत गेल्या की आधी सनई, तिच्यामागून पंप. बांधावरून झुंबरबाई विचारायच्या, "काय गं, लग्न लागलं का?"

त्या दिवसापासून सगुणाबाईंनी गाडीत पाऊल टाकलं नाही. त्यांनी कुंची कागदात गुंडाळली आणि नवऱ्याच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी बघून सावळीरामांना भडभडून आलं, आणि भडभडून आलं की ते रागावत. त्यांनी पाना घेतला आणि पंपावर शेवटचा सूड उगवला. बोल्ट असा पिळला, की शेजारचा पाइप ताडकन तडकला आणि पाणी उडून त्यांची टोपी भिजली.

"मसणात जा!" ते पंपाला म्हणाले. ही घरगाडी त्यांना नको होती. पंप उपटायचा आणि गाडी विकून टाकायची. पण टाकी काठोकाठ भरलेली, ती आधी रिकामी करायला हवी. म्हणून तडकलेल्या पाइपाच्या जागी त्यांनी मळ्यातल्या रबरी नळीचा तुकडा तात्पुरता जोडला. सगळे बोल्ट काढले. भोकं पडलेली फळी विकताना आणखी खरचटलेली दिसू नये म्हणून जुन्या गोधडीची घडी खाली घातली आणि पंप तिच्यावर नुसता ठेवून दिला.

"अगं सगुणा, ये जरा. आतला नळ सोड, टाकी रिकामी करायचीय."

सगुणाबाई कुरकुरत चढल्या आणि बाथरूममध्ये गेल्या. सावळीराम खाली उतरून कानांत बोटं घालून उभे राहिले. बराच वेळ झाला. त्यांनी एक बोट काढलं. काहीच नाही.

"सोड की नळ!"

"सोडलाय कवाचा!"

"मग मोटर पण मेली म्हणायची. बरं झालं."

"मेली काय? धो धो पाणी येतंय!"

सावळीराम धावत वर चढले. पंप गोधडीवर थरथरत होता, आणि पोट भरलेल्या मांजरागत हळू गुरगुरत होता. त्यांनी अविश्वासानं त्याच्यावर हात ठेवला. जन्मभर जे सूत्र सांगितलं, ते इथं उलटं निघालं होतं. मोटर हलत होती आणि मुळीच मेली नव्हती.

"खाली जा तुम्ही," आतून सगुणाबाई म्हणाल्या, आणि कडी लागली.

ते खाली जाऊन उभे राहिले. बांधावर झुंबरबाई भाजी खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं सगुणाबाई पदराला हात पुसत उतरल्या.

"आलं का ऐकू?"

"देवाशपथ, नाय."

सगुणाबाईंनी नवऱ्याच्या पिशवीतून कुंची काढली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

निघायच्या दिवशी शेजारीपाजारी जमले. झुंबरबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय सावळीरामभाऊ, झाला का पंप नीट?"

सावळीरामांची छाती फुगली. गोधडीची, नळीची, आपल्या डोक्याची सगळी गोष्ट ओठांवर आली. तेवढ्यात सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंपाचा आवाज गेला होता, आता नवऱ्याचा तेवढा राहिला होता.

सावळीरामांनी ती गोष्ट गिळून टाकली. "छे! पार बंद पडलाय," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

चांदवडच्या अलीकडे सगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला. सावळीरामांनी गाडी हळू केली, पण नजर रस्त्यावरच ठेवली. बाईंनी मान वर करून सगळा तांब्या एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "अजून हाय का?"