एकशे एकोणसत्तरावा भागाकार

दोन आला, दोन गेला, तीनचा हात पोचेना;
पाच-सात ठोठावून दमले, हिचं दार उघडेना...

बाबा छपाईचे खिळे जुळवताना गुणगुणायचे. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी नळाखाली बादली भरताना त्यांच्या धाकट्या लेकीच्या पाठीमागे तो आवाज यायचाच. आणि शेवटी तेच विचारायचा, "कुणी भागतं का गं हिला?"

बाबा छापखान्यात कंपोझिटर. भाजकांच्या कोष्टकात प्रत्येक संख्येपुढे तिचा सगळ्यात लहान भाजक छापायचा. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागत नाही, त्या मूळ संख्येपुढे नुसती आडवी रेघ. झोपल्या लेकरावर पांघरूण घालावं, तशी बाबा ती रेघ बसवायचे.

शेवटच्या पानाच्या हस्तलिखितात १०२२११७ पुढे शाई सांडलेली होती. बाबा तेव्हा अंथरुणावर. तरी पाटी मागवून एकेका मूळ संख्येने भागत बसले. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट झाल्या, दर वेळी बाकी उरली. उरला एक हजार नऊ. त्याच्यापुढे जायची गरज नव्हती. मोठा भाजक असता, तर त्याचा धाकटा जोडीदार एव्हाना सापडला असता.

"हात थरथरतो गं. हा तू कर." डोळे मिटून म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मी आहे ना, तशी आहे ही. एकटी, पण अखंड."

चौदा वर्षांची पोर भागत गेली. शेवटी तीन हजार सत्तावीसखाली तीन हजार सत्तावीस आले. तिने पाटी छातीशी धरली.

"कुणी भागतं का गं हिला?"

"नाही, बाबा."

ते हसले. रेघ छापली गेली. आठवड्याने बाबा गेले. तेव्हापासून एक हजार नऊ उंबऱ्याबाहेर उभाच होता.

आज दादा प्रूफ घेऊन आला. बाबांनी जुळवलेल्या त्या कोष्टकाची नवी आवृत्ती. मुखपृष्ठावर ठसठशीत १०२२११७ आणि पुढे रेघ.

"चिमे, बाबांची शेवटची मूळ संख्या! खाली तुझ्या दोन ओळी हव्यात. आणि निबंध नको हं, तू सुरू झालीस की कागद पुरत नाही."

"कुणाकडून तपासून घेतलीस?"

"बाबांचं काम मी तपासू? वेडी का तू? उद्या छपाईला जातंय."

तिने प्रुफावरच्या रेघेवर बोट ठेवलं. मागे कुणीतरी गुणगुणत होतं, सातापर्यंत येऊन थांबलं.

"चिमे? अगं, रडतेस काय?"

"ती रेघ काढ, दादा. एक हजार नऊने भाग जातो. एक हजार तेरा वेळा, बाकी शून्य." तिने डोळे पुसले नाहीत. "मला तेव्हाच दिसलं होतं. मी बाबांशी खोटं बोलले."