लाल बिया, काळ्या बिया

झाडांच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. डोंबिवलीच्या तीन फुटी गॅलरीत मी सोनचाफा फुलवलाय, आणि जपानात, टोकियोजवळच्या उरायासुला आल्यावर पहिल्याच थंडीत घरात तुळस जगवून दाखवली आहे. त्यामुळे साकुमासान बिया घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

साकुमासान आमच्या घरमालकीण. कुंपणापलीकडे एकट्या राहायच्या, वय तेव्हा एक्क्याऐंशी. त्यांच्या अंगणात उत्तरेच्या भिंतीशी एक यामाशाकुयाकु होतं, म्हणजे डोंगरातला पिओनी. फुलवाल्याकडे पिओनी म्हणून कोबीच्या गड्ड्यासारखं गुलाबी फूल मिळतं, त्याचा हा रानातला भाऊबंद. पाच-सात पाकळ्यांची पांढरी वाटी, आत पिवळे केसर, मधोमध लालसर टोक. पहिल्या वर्षी ते तीन दिवसांत गळून पडलं तेव्हा मी उदयला, म्हणजे नवऱ्याला म्हटलं, "एवढ्यासाठी वर्षभर राखण?" दुसऱ्या वर्षी मी त्या तीन दिवसांत डबे उशिरा भरले आणि लेकीची, जुईची, शाळेची बस चुकवली.

ते झाड साकुमासानच्या यजमानांनी लग्नानंतर आपल्या डोंगरातल्या गावाहून आणलं होतं. यजमान गेले. मग दोन हजार अकराच्या भूकंपात इथली जमीन पातळ झाली, भेगांतून वाळू वर आली आणि अंगण वीतभर चिखलाखाली गेलं. फावड्याने कोंब तुटतील म्हणून या बाईंनी भाताच्या पळीने तो चिखल उपसला. दोन दिवस लागले. झाड वाचलं. पण त्यांना कायम धास्ती असायची, की एकच आहे, हे गेलं तर संपलं.

म्हणून पंधरा सालच्या सप्टेंबरात त्या बशीतून बोंडं घेऊन आल्या. बोंड फाटून तारा झालेला, आत लालभडक आणि काळ्यानिळ्या बिया शेजारीशेजारी. "सावलीत पेर," त्या म्हणाल्या. "कोंब यायला दोन वसंत लागतात. आणि यातल्या—"

"हाइ, हाइ, दाइजोबु," मी म्हटलं. सगळं ठीक आहे, काळजी नको. घरात गणपती बसलेले, मोदकांचं पीठ मळायचं होतं.

संध्याकाळी मी बिया निवडल्या. काळ्यांवर निळसर झाक होती, मला वाटलं बुरशी धरली. शिवाय सणासुदीला काळं पेरायचं? लाल कशा कुंकवासारख्या. त्या पंधरा लाल बिया मी नव्या कुंडीत, चाळलेल्या मातीत, बोटाने मोजून पेरल्या. काळ्या बिया तशाच ओट्यावर राहिल्या. म्हाताऱ्या हाताने दिलेली वस्तू पालिकेच्या 'जळणाऱ्या कचऱ्या'च्या पिशवीत टाकवेना. निर्माल्यही मी त्या पिशवीत कधी टाकलं नाही. घरामागे कॅमेलियाच्या बुंध्याशी, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे रोजची फुलं, दूर्वा, तुळशीची पानं टाकायची. विसर्जनानंतरच्या निर्माल्यासोबत काळ्या बियाही तिथेच गेल्या.

पहिला वसंत कोरडा गेला. दुसऱ्या वसंतात मी रोज कुंडीत डोकं घालून बसायचे. काही नाही. आणि एप्रिलच्या शेवटी, त्यांचं फूल उमललेलं असताना, साकुमासाननी कुंपणावरून विचारलं, "तुझी रोपं?"

मी जुईला म्हटलं, "सांग, छान आलीयत म्हणून."

जुई बारा वर्षांची. तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, दॅट्स नॉट ट्रू."

"भाषांतर कर. मत नको देऊस."

तिने केलं. साकुमासानचा चेहरा असा उजळला की मला घरात जाऊन पाणी प्यावं लागलं. पुढचं वर्षभर हे चालू राहिलं. किती पानं? दोन-दोन. उन्हाळा सोसला का? सोसला तर. जुईने एकदा मला ऐकवलंच, "आई, यापुढे युअर लाइज इन युअर ओन जॅपनीज, प्लीज." उदय तोयोसूच्या ऑफिसातून येऊन हसायचा. माझ्या जिभेला हाड नाही हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

मग त्याच वर्षीच्या ऑगस्टात पावसाने मुक्कामच ठोकला. साकुमासानच्या अंगणात पाणी साचून राहिलं. थंडीत झाड जमिनीवर दिसतच नाही, त्यामुळे तेव्हा काही कळलं नाही. मार्च संपत आला, सगळ्यांच्या बागा हिरव्या झाल्या, आणि उत्तरेच्या भिंतीशी नुसती माती राहिली. त्यांनी उकरून पाहिलं. मूळ कुजून काळं पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. नेहमीचा ॲप्रन नव्हता, बाहेर जायचा कोट घातला होता. हातात एक रिकामी कुंडी. खूप वाकून म्हणाल्या, "तुझ्याकडच्यातलं एक रोप मला देशील?"

जुईला हाक मारणार होते, मारली नाही. आतून माझी कुंडी आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. नुसती माती. माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले, "काही आलं नाही. कधीच आलं नव्हतं. मी वर्षभर खोटं बोलले."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. हळूच खाली बसल्या, बोटाने माती उकरली.

"किती काळ्या पेरल्या होत्यास?"

"काळ्या नाही. सगळ्या लाल."

त्यांनी डोळे मिटले. मग पोराला समजावतात तसं सावकाश सांगितलं. लाल बिया पोकळ असतात. त्या नुसत्या दिसायला, पाखरांना बोलवायला. उगवते ती काळी. मी अडवलेलं वाक्य अडीच वर्षांनी पुरं झालं, आणि माझी मान खाली गेली.

"आणि काळ्या?" त्यांनी विचारलं. "कचऱ्यात?"

"नाही!" हे मात्र मी छातीठोकपणे म्हणाले, कारण एवढं एकच खरं होतं. "देवाची फुलं टाकते, तिथे."

साकुमासान उठल्या. एवढ्या चपळ मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. घराला वळसा घालून आम्ही मागे गेलो. कॅमेलियाखाली सहा वर्षांचं निर्माल्य कुजून चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत झालं होतं. वर कालची जास्वंद. साकुमासान गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी वरची फुलं बाजूला करू लागल्या. एक तांबूस देठ, त्यावर तीन पानं. शेजारी अजून एक. मग आणखी दोन.

"हे तर तण," मी म्हटलं. "उदयला मी कालच सांगितलं होतं, रविवारी उपट म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा, असं उदय म्हणतो. चार रोपं होती. दुसऱ्या वर्षाची, त्या म्हणाल्या, म्हणजे मी रिकाम्या कुंडीत डोकं घालून बसले होते तेव्हाच ती इथे उगवली होती. सावली, मऊ माती, आणि हात लावायला कुणी नाही. "तू मुद्दाम केलं असतंस तरी यापेक्षा चांगलं जमलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रोपं आम्ही हलवली नाहीत. त्यांचीच इच्छा. मीही त्या जागेला बोट लावलं नाही, फक्त रोजचं निर्माल्य जरा बाजूला टाकत गेले आणि पानझडीत रोपांना पाचोळ्याचं पांघरूण घातलं. या वेळी साकुमासान सांगायच्या तेव्हा वाक्य संपेपर्यंत थांबायचे.

बावीसच्या एप्रिलात पहिली कळी आली. एका सकाळी वाटी उघडली. मी कुंपणापाशी जाऊन मोठ्याने हाक मारली. साकुमासान अठ्ठ्याऐंशीच्या, काठी टेकत आल्या, फूल पाहिलं आणि तशाच परत फिरल्या. मला कळेना काय चुकलं. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या, तोच बाहेर जायचा कोट घालून. काखेत रेशमी कापडात गुंडाळलेला यजमानांचा फोटो. तो त्यांनी फुलासमोर तिथल्याच एका फळीवर उभा केला आणि त्याला काहीतरी म्हणाल्या. मी ऐकायला गेले नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझे देव? फूल तोडून नेणार असशील ना? त्यांचा हक्क आहे."

रोज सकाळी परडी भरून फुलं खुडणारी मी. "थांबा," म्हटलं, आणि आत गेले.

देव्हाऱ्यातला पितळी गणपती ताम्हनात घेऊन बाहेर आले. साकुमासाननी फोटो जरा डावीकडे सरकवला आणि त्याला जागा करून दिली.