रविवारचे हात

उस्ताद बुधवारी गेले, आणि सगळा घोळ तिथेच झाला. शनिवारी रात्री गेले असते तर कुणाला बोलायला जागाच राहिली नसती. पण कामाच्या दिवशी काम सोडून घरी यायची त्यांना सवय नव्हती. गॅरेजमध्ये ट्रकखाली शिरले, खालूनच ट्रकवाल्याला म्हणाले, "पाना द्या," आणि तो पाना शोधून वाकेपर्यंत यांनी गाशा गुंडाळला होता.

उस्तादांचे हात दोन प्रकारचे होते, रविवारचे आणि बाकीचे. बाकीचे हात ग्रीसने इतके काळे असायचे की जेवताना पावाच्या तुकड्यावर बोटांचे ठसे उठत आणि पोरं त्यावरून बाबांचा पाव ओळखत. शनिवारी संध्याकाळी मात्र ते मागच्या दाराजवळच्या सिंकपाशी स्टूल टाकून बसायचे. जुन्या डब्यात लाकडाचा भुसा, मऊ साबण, नखांचा ब्रश आणि टोकदार काडी एवढा सरंजाम असे. मग घासायला सुरुवात व्हायची ती थांबता थांबत नसे. तोवर सिंक कुणी वापरायचं नाही, डब्याला हात लावायचा नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. थोरली लेक या प्रकाराला लहानपणापासून 'बाबांचा राज्याभिषेक' म्हणत आली होती. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बायकांनी नावं ठेवू नयेत म्हणून हा खटाटोप चालतो, अशी तिची पक्की समजूत होती.

घराणं पक्कं ल्युथरन ख्रिस्ती. तारण माणसाच्या कामाने होत नाही, देवाच्या कृपेने होतं, हे या घरात पोरांना नीट बोलता येण्याआधीच शिकवलं जाई, आणि शिकवणारा बाप उजाडायच्या आत कामावर पळत असे. कृपेवर उस्तादांचा विश्वास होता हो, पण फुकट या शब्दाचा त्यांना भारी तिटकारा. शेजारणीने कधी सूपचं भांडं पाठवलं, तर ते परत जाताना त्याची हलणारी मूठ पक्की बसवलेली असायची. शेजारीण पुढे पुढे मोडकीच भांडी पाठवू लागली, हा भाग वेगळा.

तर आता गुरुवार उजाडला होता, उस्ताद पेटीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत टेबलावर निजले होते आणि तीन वाजता चर्चमध्ये सगळं गाव त्यांना शेवटचं बघायला येणार होतं. पेटीवाला म्हणजे शवपेट्या विकणारा आणि मयताची तयारी करणारा तरुण. मयताची झोपमोड होऊ नये अशा बेताने तो बोलायचा.

"चेहरा छान झालाय," तो आईला आणि दोघा मुलांना कुजबुजत म्हणाला. "फक्त हात... मी तीन वेळा पुसले. निघत नाही. म्हणून यांच्याशी बोलून ठेवलं." त्याने धाकट्या लेकाकडे पाहिलं आणि कागदात गुंडाळलेले पांढरेशुभ्र हातमोजे पुढे केले.

धाकटा ऑफिसात नोकरी करायचा आणि कुठलीही अडचण झाकून टाकावी, अशा मताचा होता. "बरं दिसेल आई," तो म्हणाला. "नीटनेटकं."

आईने हातमोज्यांकडे असं पाहिलं, की पेटीवाल्याने ते पाठीमागे लपवले.

"हातमोजे? यांना? हिवाळ्यात नाक गळायचं, तेव्हा घातले नाहीत या माणसानं. लग्नात घातले नाहीत. आता हे घालून वर गेले तर देव विचारील, वेटरला कुणी बोलावलं?"

"अगं, पण काळ्या हातांनी..."

"काळ्या हातांनी जाणार नाहीत. रविवारच्या हातांनी जातील." एवढं बोलून मात्र आईने टेबलाची कड धरली. "इतकी वर्षं ते देवासमोर एकदाही काळ्या हातांनी गेले नाहीत रे. शेवटच्या वेळी मी त्यांना तसं पाठवू? थोरले, घरी जा आणि डबा घेऊन ये."

थोरली घरी धावली. डब्यात साबण होता, ब्रश होता, काडी होती. भुसा मात्र तळाला चिकटलेला चिमूटभर. ती तशीच कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेली.

"भुसा ना? पोतंभर ने," सुतार म्हणाला.

"किती झाले?" थोरलीच्या तोंडून निघूनच गेलं. शेवटी बापाचीच लेक ती.

सुताराने कपाळावर हात मारून घेतला. "पोरी, तूही तीच गत करणार का? तुझा बाप मूठभर भुसा न्यायचा आणि बदल्यात काहीतरी दुरुस्त करून जायचा. आधी करवतीचं मशीन झालं, मग पंखा, मग दाराचं कुलूप. शेवटी माझ्या दुकानात बिघडलेलं काही उरेना! मग काय करतो? दर शनिवारी सकाळी मशीनचा पट्टा मीच माझ्या हातानं ढिला करून ठेवायचो. नाहीतर हा बाबा भुसा न घेताच परत जायचा." त्याने नाक शिंकरलं. "आज तरी फुकट ने. माझ्यावर एवढे उपकार कर."

थोरलीने फुकट नेला. रस्ताभर तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

खोलीत परत आल्यावर आईने बाह्या वर सारल्या. उजवा हात तिने घेतला, डावा थोरलीला दिला. धाकट्याला गरम पाण्याचं भांडं धरायला लावलं. पेटीवाला "असं कुणी करत नाही हो, असं कुणी करत नाही," म्हणत भोवती घुटमळत राहिला.

बाबांचा हात गार होता आणि जड होता. थोरलीने तो धरला तेव्हा तिला पहिल्यांदा खरंखुरं कळलं, की बाबा गेले. मग तिने भुशात साबण कालवला आणि घासायला लागली, कारण रडत बसलेल्या माणसाचा बाबांना काही उपयोग नसायचा.

"हात सैल सोडा जरा," आई सवयीने नवऱ्याला म्हणाली. उस्तादांनी सोडला नाही. "ऐकतील तर शपथ!"

धाकटा हसला, आणि हसता हसता त्याला असं रडू कोसळलं, की अर्धं पाणी पेटीवाल्याच्या बुटांवर सांडलं.

अशा वेळी दार उघडून चर्चचे पाळकसाहेब आत आले. तीन वाजता बोलायचं काय, हे विचारायला ते घरी जाऊन, कुलूप बघून इकडे आले होते. समोरचा देखावा बघून ते दारातच थबकले.

"या, पाळकसाहेब," आई मान वर न करता म्हणाली. "तेवढा टॉवेल द्या."

पाळकसाहेबांनी निमूटपणे टॉवेल दिला आणि स्टुलावर बसले. "माझी पंचाईत झालीय," ते म्हणाले. "मला बोलायचंय कृपेवर, आणि ज्याला त्याला विचारावं तर तो यांच्या कामाचंच सांगतोय. एकदा मी उपासनेत तासभर सांगितलं, की तारण कामानं होत नाही. दुसऱ्या दिवशी हे माझी गाडी दुरुस्त करायला हजर! म्हणाले, 'तुमचं पटलं, पण ब्रेक काही कृपेनं लागत नाहीत.' पैसे तर घेतलेच नाहीत. मी कॉफी पाजली, तर त्या बदल्यात हॉर्न दुरुस्त करून दिला."

"फुकट काही घ्यायचेच नाहीत ते," थोरली म्हणाली.

"घ्यायचे की." पाळकसाहेब पुढे वाकले. "प्रभुभोजनाच्या वेळी लोक प्रभूची भाकर घ्यायला वेदीपुढच्या कठड्याशी येतात. कुणी दोन बोटांनी भाकर उचलतं, कुणी तोंड उघडतं. हे दोन्ही तळवे असे पुढे करायचे, लहान पोरासारखे. लख्ख घासलेले, लालबुंद. मी भाकर ठेवायचो आणि दर वेळी मनात यायचं, आता हे खिशातून पाना काढून कठडा आवळायला लागणार. पण नाही. घ्यायचे, खायचे आणि डोळे पुसत जागेवर जायचे. एकदा मी म्हटलंसुद्धा, 'उस्ताद, देवाला काळे हात चालतात.' तर म्हणाले, 'त्याला चालतात हो. पण एवढं एकच मी फुकट घेतो. ते तरी नीट घेतो.'"

थोरलीला बाबांचा राज्याभिषेक आठवला, आणि आपण इतकी वर्षं कशाला हसत होतो ते कळून तिचे डोळे भरून आले. तिने नाक बाहीला पुसलं आणि अधिक जोराने घासू लागली.

हळूहळू हात उजळले. पेटीवालाही जवळ येऊन बघू लागला आणि हलकेच विचारता झाला, "भुसा कुठल्या लाकडाचा घेता?" उजव्या हाताच्या अंगठ्याखाली मात्र एक भेग होती, आणि तिच्यातली काळी रेघ काही केल्या हटेना. थोरलीने काडी उचलली.

"राहू दे," आई म्हणाली.

"आई, एवढीशीच राहिलीय. बाबांनी कधी अर्धवट काम सोडलंय का?"

"नाही ना सोडलं! जन्मभर सगळं स्वतःच उरकलं." आईने तिच्या हातातून काडी काढून डब्यात टाकली आणि झाकण लावलं. "एवढं देवासाठी ठेव. त्यालाही यांच्यासाठी काहीतरी करू दे."

पाळकसाहेबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि घडी करून परत ठेवला.

पेटीवाला पुढे आला. "आता हात छातीवर जुळवून ठेवतो. तशी पद्धत असते."

"नको," आई म्हणाली. तिने उस्तादांचे दोन्ही तळवे वर केले आणि एकात एक ठेवले. "उघडेच राहू देत. घ्यायला निघालेत ते."